भंडाऱ्याची शिंक

"डोळा चांगलाय तुमचा. गाठ कवटीच्या तळाशी आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले आणि संगणकावरच्या काळ्यापांढऱ्या चित्रात एका जागी पेन टेकवलं. मला तिथं काही वेगळं दिसेना. खरं सांगायचं तर मला दोन डॉक्टर आणि दोन पेनं दिसत होती.

तेच तर दुखणं होतं. लोणीला आमची शेती आणि थोडी मेंढरं. दिवेलागणीला मेंढरं कोंडताना मोजायची, तर माझा आकडा रोज जास्तच यायचा. नवरा म्हणायचा, बरकत आलीय घराला. मी त्याच्यावर खेकसायचे. मग माझा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला आणि सगळ्यांचं हसू आटलं. चष्मा करून झाला, थेंब घालून झाले. शेवटी मंचरच्या एका डॉक्टरीणबाईंनी डोळ्यापुढं बोट हलवून बघितलं आणि सरळ एमआरआय लिहून दिला. त्या बाईचं भलं होवो.

आजाराचं नाव क्लायव्हल कॉर्डोमा. क्लायव्हस म्हणजे कवटीच्या तळाचं, नाकाच्या पार मागचं हाड. मेंदूचं खोड त्याला लागूनच असतं. त्या हाडात वाढणारी गाठ म्हणजे कॉर्डोमा. फार थोड्यांना होते. सावकाश वाढते, पण आपण होऊन थांबत नाही. डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणारी नस माझ्या गाठीनं दाबली होती.

डोकं उघडायचं नाही, नाकातून जायचं, असं ठरलं. एंडोस्कोप म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा. कान-नाक-घशाचे एक आणि मेंदूचे एक, असे दोन सर्जन मिळून करणार. गाठ काढली की तळाला भोक पडतं. त्यावर मांडीतली चरबी आणि नाकातलंच अस्तर घेऊन ठिगळ लावायचं. ठिगळ निसटलं तर मेंदूभोवतीचं पाणी, ज्याला सीएसएफ म्हणतात, ते नाकातून गळतं आणि त्याच वाटेनं जंतू वर चढतात. "गाठ काढणं आमच्याकडे लागलं, ठिगळ सांभाळणं तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनचं मी काय सांगू, मी झोपलेली. मरण बाहेर बसलेल्यांचं. माझी सासू म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून मी तिला आत्याच म्हणते. तिनं थिएटरच्या दाराशी बसून खंडोबाला नवस बोलला, पोरगी धड घरी आली की उंबऱ्यावर भंडारा उधळीन.

गाठ निघाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून द्यायची. नवऱ्यानं सगळं पाठ केलं. भंडाऱ्याचं विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांच्या तरी कुठून येणार?

दारात आत्यानं भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं आणि येळकोट म्हणत मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर उधळला. पिवळा धुरळा नाकात गेला. शिंक आली आणि मी ती तोंड मिटून, नाक दाबून आतल्या आत जिरवली. चार माणसांत बाईनं तोंड वासून शिंकू नये, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. डॉक्टरांचं बोलणं आठवलं ते शिंक जिरल्यावर.

संध्याकाळी ताटावर मान खाली घातली आणि नाकातून एक थेंब भाकरीवर पडला. मग दुसरा. स्वच्छ, पाण्यासारखा. घशात खारट चव आली. शेजारीण म्हणाली, सर्दी झालीय, वाफारा द्या. मी ताट सरकवलं.

"सर्दी न्हाई ही. गाडी काढा."

तुमच्या घरी असं कुणी नाकातून ऑपरेशन करून येणार असेल, तर तुमच्याकडे काय उधळतात, कशाचा धूर करतात, ते आधीच डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

पुण्याला पाणी तपासलं, ते सीएसएफच निघालं. कमरेतून बारीक नळी घातली, तिला लंबर ड्रेन म्हणतात. पाणी तिकडून काढलं की वरच्या ठिगळावरचा दाब कमी होतो. आता नुसतं पडून राहायचं. गळती थांबली नाही तर पुन्हा ऑपरेशन. ताप आला तर मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण, त्यात माणूस जातोही. नर्स ताप बघायला आली की मीच आधी कपाळाला हात लावून बघायचे.

आत्याचा मला राग आला होता. लई राग. एवढं मरणाच्या दाढेतून आले आणि घरच्याच माणसानं हे करावं? ती कोपऱ्यात स्टुलावर बसून असायची. नखांच्या कडा अजून पिवळ्या. चहाशिवाय पोटात काही नाही. एकदा हळूच म्हणाली, "देवाला बोलले व्हते गं. तुझ्यासाठीच बोलले व्हते." मी भिंतीकडे तोंड केलं.

मग एका सकाळी डॉक्टरांनी नळी बंद ठेवायला सांगितली. नंतर मला खाटेच्या कडेला बसवलं आणि नाकाखाली पांढरा टिशू पेपर धरला. "मान खाली घाला. सावकाश."

मी मान खाली घातली. घशात खारट लागतंय का, ते जीभ फिरवून बघत होते आणि लागायच्या भीतीनं गिळतही नव्हते. नवरा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. आत्यानं डोळेच मिटले होते.

"अजून खाली."

कागद कोरडा होता. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ठिगळानं धरलंय. आता रेडिएशन, म्हणजे गाठीचे जे कण राहिले असतील ते किरणांनी जाळायचे. रोज यावं लागेल, सोबत घरचं माणूस हवं.

कोण येईल, असं त्यांनी विचारलं. नवरा पुढं झाला. मी त्याला हातानं थांबवलं आणि कोपऱ्याकडे वळले.

"आत्या, आधी जेवून ये. रोज माझ्यासंगं तुलाच यायचंय."