दोघांनी ऐकायचं गाणं

हल्ली मला गाणं ऐकायचा कंटाळा येतो. असं म्हटलं की जुने ओळखीचे हसतात. एके काळी गाण्यापायी मी काय काय उद्योग केले ते त्यांना ठाऊक आहे, आणि चारचौघांत ते कौतुकानं सांगतात. मला आता ते कौतुकही ऐकवत नाही. त्यातली एक गोष्ट त्यांना माहीत नाही. ती एकदाची सांगून टाकतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं मी वर्ध्याजवळ आंजीला शाळामास्तर होतो. गावात भजनी मंडळ होतं. त्यात मी पेटी वाजवायचो आणि गावातला शिंपी तबला. आमच्या मंडळाचं नाव आसपासच्या गावांत झालं होतं, पण ते आमच्या भक्तीमुळे नव्हे. शब्द देवाचे आणि चाल सिनेमाची, अशी आमची रीत. ती काही आम्ही काढली नव्हती, तेव्हा बरीच मंडळं तसंच करायची. फरक एवढाच की इतरांना चाल मिळायची शिळी, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली. आम्ही ती वर्ध्याहून ताजी आणायचो.

शनिवारी शाळा सकाळची. घरी येऊन चार घास खायचे, सायकली काढायच्या आणि वर्ध्याला दुपारचा खेळ गाठायचा. गाणं सुरू झालं की मुखडा शिंप्यानं धरायचा आणि अंतरा मी. पडद्यावर काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. नायिका पाण्यात पडली तरी आम्ही डोळे मिटून बसलेले. खरी परीक्षा परतताना. दहा-अकरा मैल एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. बोललं की चाल सांडते, असं शिंप्याचं म्हणणं. दोघंही आपापला तुकडा गुणगुणत पायडल मारायचो, रस्त्यात कुणी रामराम घातला तर नुसती मान हलवायचो. एकदा माझ्या सायकलची साखळी पडली, तर हा गृहस्थ मुखडा सांभाळत सरळ आंजीला पोचला. मी त्याला दोष दिला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी पोचलो की बायको दारात काहीतरी सांगायला उभी असायची. आईला ताप आहे, गाय आटली आहे, धाकटीचा दात दुखतो आहे. मी हात वर करून तिला गप्प करायचो आणि तडक पेटीपुढं बसायचो. आधी चाल, मग ताप. तेव्हा हे मला कलावंताचं लक्षण वाटायचं.

गावाला चालींचा उगम माहीत नव्हता, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना तरी नव्हता. गावातली एक आजी लेकीकडे आर्वीला गेली होती. तिथं लग्नाच्या मांडवात भोंग्यावर एक गाणं लागलं, नाचाचं, चांगलंच चावट. आजीनं चपला काढल्या आणि भोंग्याला हात जोडले. परत येऊन म्हणाली, "आपल्या देवाची चाल त्या सिनेमावाल्यायनं चोरली वो गुरुजी, पोलिसात सांगाले पायजे." आम्ही दोघं गंभीर चेहऱ्यानं हो हो म्हणालो.

माझ्या बायकोनं सिनेमा पाहिलेला नव्हता. घरात आई, दोन लहान मुली, एक गाय, आणि वेचणीच्या दिवसांत माझ्या थोरल्या भावाच्या शेतातला कापूस. तिला गाणं मिळायचं ते माझ्या पेटीतून, काम करता करता. पण तिचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. हे मला एका सकाळी कळलं. ती ज्वारी दळत होती आणि आदल्या दिवशी मी आणलेली चाल जात्यावर म्हणत होती. अंतऱ्यात एका जागी ती खाली उतरली. मी पांघरुणातूनच ओरडलो, "तिथं चाल वर जाते."

"जात असन," ती म्हणाली. "पण इतकी वर गेली तं मंग मुखड्यावर कशी येन? धडपडन ना थे."

मला राग आला. जिनं सिनेमाचं दार पाहिलं नाही तिनं मला शिकवावं! पण पुढच्या शनिवारी मी तोच खेळ पुन्हा पाहिला, फक्त त्या एका जागेसाठी. चाल खाली येत होती. मी गुपचूप चूक सुधारली, मंडळात त्या अंतऱ्यावर शाबासकी घेतली आणि घरी काहीच बोललो नाही.

तिनं माझ्याजवळ गाण्याबाबत एकच मागणं केलं. "मले एकडाव नेजा. सिनेमा नाई तं नाई. पण कोणी बाई समोर बसून गाते, थे आयकाचं हाय. पेटीतून अर्धंच येते. गळ्यातून कसं निंगते थे पाहू द्या मले." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं? तीन वर्षं मी हो म्हणत होतो, आणि तीन वर्षं ती अधूनमधून आठवण देत होती.

मग एका माघ महिन्यात वर्ध्याला एक गायिका येणार असं कळलं. सिनेमात गायलेली, आणि बैठकीतही तितक्याच ताकदीची. तिला संध्याकाळच्या मेलनं पुढं जायचं होतं, म्हणून गाणं रविवारी दुपारी, एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून ठेवलं होतं. आता माझ्याकडे सबब उरली नव्हती. शिंपी म्हणाला, आपण बैलबंडी जोडू, माझ्याही घरची येईल. ठरलं.

शनिवारी दिवसभर ती कापूस वेचून आली होती. रविवारी पहाटे कधी उठली ते मला माहीत नाही. मी उठलो तेव्हा दिवसभराच्या भाकरी फडक्यात बांधून झाल्या होत्या, पाण्याच्या गुंड-घागरी भरल्या होत्या, गोठा झाडला होता, आईचा काढा उकळून झाकून ठेवला होता आणि मुलींच्या वेण्या घालून झाल्या होत्या. तरी निघताना आईनं विचारलंच, "चहाचं कोण पाह्यन?" ती परत आत गेली आणि चहाची पूड, साखर आणि गाळणी चुलीजवळ मांडून आली.

बंडीत ती इतकी बोलली की मला नवल वाटलं. कोणतं गाणं आधी म्हणेल, बाई बसून गाते की उभ्यानं, मध्ये पाणी पिते का, तिच्याही घरी सासू असेल का. शिंप्याची बायको हसत होती. मी मधूनच म्हणालो, "तिथं असं बोलायचं नसतं हं." ती लगेच गप्प झाली.

मांडवात पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला. मधे पडदा नव्हता, त्यामुळे दिसत होतं. तिला मांडवाच्या एका बल्लीजवळ, खांबाला लागून, जागा मिळाली. गाणं सुरू झालं आणि मी सगळं विसरलो, ते खोटं कशाला सांगू. आवाज असा होता की तोवर जन्मभर आपण गाण्याची सावली ऐकत होतो असं वाटलं. बऱ्याच वेळानं मी बायकांच्या बाजूला पाहिलं. ती बल्लीला टेकली होती, डोळे मिटलेले, चेहरा शांत. आमच्याकडे जाणता माणूस डोळे मिटून ऐकतो अशी समजूत. माझी छाती फुगली. मी शिंप्याला कोपरानं ढोसलं, "पाह्य रे, याले म्हणते आयकणं. आपण दोघं इथं माना डोलावून राह्यलो, अन् थे पाह्य." शिंपीही भारावला. आणखी दोघा परिचितांनाही मी ती दाखवली. तिच्या कानाचं मी पहिल्यांदा चारचौघांत कौतुक केलं. परतताना तिला त्या अंतऱ्याचं सांगून टाकायचं, चूक माझी होती असं कबूल करायचं, हेही मी तिथंच ठरवलं.

गाणं संपलं. बंडीजवळ शिंप्याची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. "गुरुजी, बाईनं तिकडे तान घेतली, अन् इकडे तुमच्या घरच्यायनं घोरून साथ देली. मी दोनदा हालवलं. उठतेच कुठं!"

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्याची मेहरबानी. माझं तोंड मात्र तापलं. बंडी गावाबाहेर येईपर्यंत मी दम धरला, मग सुटलोच. तीन वर्षं डोकं खाल्लंस, एवढं लाखमोलाचं गाणं समोर चाललं होतं आणि तू चक्क झोपलीस! लोकांत मान खाली घालायला लावलीस. असं बरंच काही बोललो.

ती खाली पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "पयलं गाणं आयकलं मी. लय चांगलं होतं. पण बसल्यावर कोणी पाणी मांगलं नाई, कोणी हाक मारली नाई. दोनी हात मोकळे होते. डोये मिटले थे मिटलेच. मले तरी काय मालूम असं होईन म्हणून."

शिंप्याची बायको हसायची थांबली. थोड्या वेळानं माझी बायको हळूच म्हणाली, "सांगा ना, मंग काय गायली थे?"

"झोपेत ऐकलं असशील की," मी म्हणालो. अंतऱ्याचं सांगायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी तीच गायिका पुन्हा आली. पुन्हा रविवार, पुन्हा दुपार. या वेळी मी आपणहून विचारलं, येतेस का. वर्षभरात माझा राग गेला होता, उलट मला थोडी लाजच वाटत होती. ती निवडलेली डाळ डब्यात भरत होती. जरा थांबून म्हणाली, "नाई. तुमी जा. आई पोरीयले घेऊन भावजींकडे चालल्या. घरात कोणी नाई राहणार. मी निजून राहीन जराशी."

ते गाणं मागच्यापेक्षाही रंगलं. तसं गाणं मी नंतर ऐकलं नाही आणि आता ऐकायची शक्यताही नाही. दिवे लागायच्या सुमारास घरी आलो तर ओट्यावर अनोळखी चपलांचे तीन जोड. आईच्या माहेरची माणसं अचानक आली होती. आईला निरोप गेला होता, तीही परतली होती. बायको चुलीपुढं होती.

"झोपलीस का?" मी विचारलं.

"कुठची? तुमी चौकातून वळले असान, अन् हे आले." मग भाकर उलटत म्हणाली, "गाणं कसं झालं?"

"ठीक झालं," मी म्हणालो.

आता ती नाही. लोक माझ्या वेडाचं कौतुक करतात तेव्हा मला ती दुपार आठवते. मी गेलो नसतो, दार लावून ओट्यावर बसलो असतो, पाहुण्यांना मीच पाणी दिलं असतं, चहा टाकला असता, तर ती दोन तास झोपली असती. मला तेव्हा हे सुचलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण सुचलं होतं. सायकल बाहेर काढताना सुचलं होतं, आणि मी गेलो.