पायपेटीला केलेला नमस्कार

पन्नासच्या दशकात अंधेरीच्या एका ख्रिस्ती विद्यालयात मी दोन वर्षं उपासनेचं संगीत शिकले. चाल लिहून काढायला शिकले, चार आवाजांत स्तोत्र बसवायला शिकले आणि शेवटी माफी मागायलाही शिकले. त्या शेवटच्या धड्याचा संताप अजून गेलेला नाही.

आम्ही पार्ल्यातले मराठी ख्रिस्ती. आजूबाजूला सगळी हिंदू कुटुंबं. हाताची पेटी मी शेजारच्या मास्तरांकडे शिकले. एरवी ते मवाळ, पण एका बाबतीत फार कडक. वाद्याला पाय लागला, की त्याला हात लावून तो कपाळाला टेकवायचाच. विद्यालयात मात्र पायपेटी होती. वर हातांनी वाजवायचं आणि खाली दोन्ही पायांनी सारखा भाता मारायचा. पाय तर लागणारच, मग मी आपली युक्ती काढली. वाजवायला बसण्याआधीच एकदा नमस्कार करून टाकायचा. दोन वर्षं करत होते. कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

अंतिम परीक्षेला केला आणि आभाळ कोसळलं.

परीक्षक मराठीच, आमच्याच चर्चमधले वडीलधारे. मी अजून सूरही धरला नव्हता.

"हे काय केलंस गं? लाकडाची पूजा?"

"पूजा नाही सर. पाय लागणार ना, म्हणून."

"इथं ख्रिस्ती उपासना शिकवतात. मूर्तिपूजा नाही."

मी स्तोत्र वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. हे त्यांनी कबूल केलं आणि तरीही प्रमाणपत्र अडवलं. मुलुंडच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिक्षिकेची जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती. प्रमाणपत्र नाही तर जागा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी लेखी माफी आण, म्हणाले. म्हणजे पेटीची क्षमा मागितली म्हणून मी आता यांची क्षमा मागायची! काय हा न्याय!

मला हे ऐकवत असतानाच त्यांच्या मांडीवरचं स्तोत्रांचं पुस्तक घसरून बुटावर पडलं. त्यांनी ते चटकन उचललं आणि कपाळाला लावलं.

"आणि हे काय, सर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते लालबुंद झाले. "सवय आहे ती."

"माझीही सवयच आहे."

"तुझी मोडायला हवी."

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांचं चुकलंय, मला कळतंय. पण चार ओळी लिहून टाक ना, बाळ. जागा हातची जाईल." मी आदळआपट केली, जेवले नाही, वडिलांना नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिहिल्या.

परीक्षकांनी त्या दोनदा वाचल्या. मग चष्मा काढून विचारलं, "हे मनापासून लिहिलंयस ना?"

वडिलांनी सांगितलं म्हणून लिहिलं, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आले. पण त्या खोलीत वडील नव्हते. टेबलावर माझं प्रमाणपत्र होतं, त्यावर फक्त सही व्हायची राहिली होती. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो सर. अगदी मनापासून."