बजेटची पिशवी
नव्या कातड्याचा वास आला की मला सोलापुरातली एक सरकारी कचेरी आठवते. आमच्या विणकरांच्या गल्लीला नळ हवा होता आणि तिथले साहेब दर वेळी ‘बजेटात नाही’ म्हणून परत पाठवत. बजेट म्हणजे काय, असं मी इंग्रजीच्या मास्तरांना विचारलं; ते म्हणाले, मूळ फ्रेंच शब्द, अर्थ कातडी पिशवी. मी ते गल्लीत सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी शेजारची मावशी रिकामी घागर घेऊन साहेबांपुढे उभी! ‘पिशवीत आमचा नळ न्हाय म्हणता, तर उघडून दावा की!’ कारकून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची नवी कोरी कातडी बॅग हळूच मांडीवर ओढली. नळ आजतागायत आलेला नाही. आत काही नव्हतं, तर लपवलं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.