हंबीरअण्णांचं स्वल्प राहिलेलं विमान

राजाजीनगरात आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावून हंबीरराव राहायचे. वीज खात्यात मीटर रीडर. सगळी गल्ली त्यांना हंबीरअण्णा म्हणायची. मी निपाणीची, बंगळुरात मराठी शेजार मिळाला म्हणून हरखून गेले होते. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईनं, कॉफीचा पेला हातात देत विचारलं, "वसुअक्का, सक्करे स्वल्प घालू?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मराठी आपलीच आहे, पण तिला पिढ्यान्‌पिढ्या इथलं पाणी लागलेलं आहे. स्वल्प म्हणजे थोडं. पुढं कळलं, की त्या घरात हा शब्द साखरेपेक्षा जास्त लागायचा.

कारण हंबीरअण्णांचं कुठलंच काम पुरं होत नसे. पुढच्या खोलीची भिंत खिडकीपर्यंत निळी होती, खिडकीपासून पुढं पांढरी. खुर्ची विणायला घेतली होती, ती निम्मी विणून सोडली, आणि पाहुण्याला एका अंगावर बसायला लागायचं. न्हाणीघराला त्यांनी स्वतः दार बसवलं, पण कडी लावायची राहिली, म्हणून त्या घरात आंघोळीला जाणारा माणूस गाणं म्हणत बसे. विचारलं की अण्णांचं ठरलेलं उत्तर, "झालंच की, स्वल्प राहिलंय." आणि तोंडावर असं समाधान, की आपल्यालाच वाटावं, उगाच विचारलं.

ते आळशी नव्हते. काम एकदा कळलं, हाताला साधलं, की त्यांचं मन भरायचं. उरलेलं काम म्हणजे त्यांच्या लेखी नुसती हमाली. असा सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय ते रत्नाबाईलाच ठाऊक. घरात ती काही बोलायची नाही. पण माहेरी भावंडं हसायची ते तिला फार लागायचं. एकदा आमच्या ओट्यावर शेंगा फोडताना म्हणाली, की मला सोनंनाणं नको, माझ्या भावासमोर ह्यांची एक वस्तू पुरी झालेली ठेवता आली तर मी देवीची ओटी भरीन.

तो भाऊ म्हणजे मानसिंग. जालहळ्ळीला हवाईदलात मेकॅनिक. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. तो ट्रेनिंगसाठी विलायतेला जाऊन आला आणि येताना दाजींसाठी एक खोका घेऊन आला. त्यात सुट्ट्या तुकड्यांचं इंग्रजी लढाऊ विमान. तुकडे चिकटवायचे, रंगवायचे आणि वरून ट्रान्सफर लावायचे. शिवणयंत्रावर सोनेरी वेलबुट्टी असते ना, तसलेच हे ट्रान्सफर. कागद पाण्यात भिजवला की चित्र सुटतं, मग ते अलगद सरकवून जागेवर बसवायचं. मानसिंगनं खोका हातात दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुम्ही आरंभशूर. पंख चिकटवले तरी मी हरलो असं समजा."

अण्णा हसले. रत्नाबाई मात्र लाल झाली, आणि पुढच्या खंडेनवमीला जेवायला ये, पुरं झालेलं विमान दाखवते, असं भावाला सांगून बसली. खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवीपुढं मांडतात.

वर्षभर ते विमान आमच्याही घरात होतं म्हणायला हरकत नाही, कारण भिंतीपलीकडून त्याची खबर रोज यायची. सांगाडा उन्हाळ्याआधी झाला, रंग पावसाळ्यात. मग नेहमीसारखं अण्णांचं मन भरलं आणि विमान कपाटावर गेलं. रत्नाबाईनं ते खाली काढलं, पुसलं आणि त्यांच्या जेवणाच्या पाटासमोर ठेवलं. रोज. आठवड्याभरानं अण्णांनी आपण होऊन बशीत पाणी घेतलं.

ट्रान्सफरचं काम म्हणजे जीव खाणारं. आकडे, अक्षरं, शेपटीवरचे पट्टे, आणि पंखावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'इथे पाय देऊ नये' अशी सूचना. विमान तळहातावर मावेल एवढं, त्यावर पाय द्यायला कोण येणार होतं देव जाणे, पण अण्णांनी तीही लावली. काम चालू असलं की पंखा बंद. गावभरचे मीटर वाचणाऱ्या माणसाच्या घरचं मीटर तेव्हा हलत नसे, असं मी चिडवायची. शिंक आली तर अण्णा अंगणात पळायचे. विमानावरची गोल निशाणं सगळ्यांत अवघड. बाहेरची निळी-पांढरी कडी वेगळी आणि मधला लाल ठिपका वेगळा, अशी त्या कंपनीची तऱ्हा. ठिपका केसभर सरकला तरी डोळा तिरळा दिसावा तसं व्हायचं. अण्णांनी एकेक करत सगळे बसवले, आणि खंडेनवमीच्या सकाळी शेवटचा एकच ठिपका उरला, डाव्या कुशीवरच्या निशाणातला.

तो आदल्या दिवशीच का नाही लावला, हे मला विचारू नका. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले असते, स्वल्प राहिलंय.

सकाळी देवघरापुढं पूजेची मांडणी झाली होती. विळी, कात्री, अण्णांची बॅटरी, पक्कड, आणि मधोमध पाटावर विमान. इथं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. ह्या विमानाला चाकापेक्षा लिंबू मोठं, म्हणून रत्नाबाईनं लवंगा ठेवल्या होत्या. अण्णांनी तिथंच बसून शेवटचा ठिपका बशीत भिजत टाकला आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, की दृष्ट काढून फोडायचा कोहळा आणायचा राहिलाय. ते सायकल घेऊन गेले. रत्नाबाई स्वयंपाकघरात होळिगे, म्हणजे इथल्या पुरणपोळ्या, लाटत होती.

अण्णा कोहळा घेऊन आले, तर बशीत नुसता कागद. ठिपका नाही.

जास्त भिजलं की ठिपका कागद सोडून तरंगतो, हे त्यांना माहीत होतं. पण पाण्यातही नव्हता. मग घर पालथं झालं. मला हाक मारली. आम्ही दोघी गुडघ्यावर बसून फरशी हातानं चाचपत होतो, अण्णा बशी उजेडाकडं धरून तिच्या तळाशी बघत होते. दुसरा ठिपका कुठून आणणार? विलायतेहून? रत्नाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कुणावर रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. पदरानं तोंड पुसून म्हणाली, की जाऊ दे अक्का, माझ्या नशिबी स्वल्प राहायचंच लिहिलंय. आणि अण्णांच्या तोंडावरचं ते कायमचं समाधान मी पहिल्यांदाच उतरलेलं पाहिलं.

अण्णांची आई, सकवारबाई, एवढा वेळ देवापुढं जप करत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं आमची शोधाशोध काय चाललीय ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. जप संपवून तिनं आरती घ्यायला सांगितलं. मी निरांजन देवीच्या मुखवट्यासमोर धरलं, आणि तसंच धरून राहिले. देवीच्या पितळी कपाळावर एक लाल टिकली होती. कंपासनं काढावी तशी गोल, चकचकीत, बरोबर मधोमध.

मी काही बोलायच्या आत म्हातारीच कौतुकानं सांगू लागली. रत्नानं किती शहाणपणानं देवीसाठी टिकली पाण्यात घालून ठेवली होती, आणि आपण ती लावली तर कशी पटकन बसली. इतके दिवस अण्णांना जे जमवताना घाम फुटत होता, ते त्या अर्ध्या आंधळ्या म्हातारीनं एका बोटात केलं होतं. मला हसू आवरेना आणि हसायची चोरी.

अण्णांनी आईला सगळं समजावलं. ती हळूच, पण ठाम म्हणाली, "देव बसलेत हंबीरा. दसऱ्यापर्यंत देवीला हालवायचं न्हाई. आणि लावलेली टिकली काढायची असती व्हय?"

ते खरंच होतं. नवरात्रात एकदा देव बसले की उठेपर्यंत त्यांना जागचं हलवायचं नाही, त्या घरची रीत मलाही ठाऊक होती. शिवाय तो ठिपका उचकटला असता तर फाटलाच असता.

मग रत्नाबाई उठली. कोनाड्यातली आपली फणेरपेटी आणली. तिच्यात मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. आधी मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं, असं ती रोज सकाळी करायची, आणि तिचं कुंकू कसं गोल असायचं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. आज बोट मोठं पडणार म्हणून तिनं काडेपेटीतली काडी घेतली, मागच्या टोकानं मेणाचा थेंब निशाणाच्या मधोमध टेकवला आणि त्यावर कुंकू दाबलं. अण्णांनी श्वास रोखला होता. तिनं फुंकर मारून जास्तीचं कुंकू उडवलं, आणि बघतो तर ठिपका जागेवर. अण्णा विमानाकडं बघत नव्हते, बायकोकडं बघत होते.

मानसिंग भर दुपारी आला. बूट काढले आणि थेट विमानासमोर मांडी घालून बसला. त्याचा तो रोजचा धंदा, त्यामुळं नजर पक्की. पंख पाहिले, शेपूट पाहिलं, मुंगीएवढी अक्षरं डोळे बारीक करून वाचली. चेष्टेला जागा सापडेना तसा तो गंभीर होत गेला. मग विमान उचलायला त्यानं डाव्या कुशीला हात घातला, आणि हात मागं घेतला तेव्हा बोटाचं टोक लाल झालेलं होतं.

त्यानं बोट बघितलं, विमान बघितलं आणि बहिणीकडं बघितलं. रत्नाबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मला वाटलं, आता हा दात काढणार आणि ही पोर आयुष्यभर मान वर करणार नाही.

तेव्हा अण्णा बोलले. "मानसिंगा, तो ठिपका अम्मानं देवीला लावलाय. इथं तुझ्या बहिणीच्या हातचं कुंकू हाय. विमान झालंय."

नुसतं 'झालंय'. पुढं काही नाही. इतक्या वर्षांत त्या घरात तो शब्द असा उघडा कुणी ऐकला नव्हता. सकवारबाईसुद्धा पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली, पण तो आला नाही.

मानसिंगनं देवीच्या मुखवट्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते लाल बोट त्यानं अंगारा लावावा तसं आपल्या कपाळाला लावलं, आणि बसल्या जागेवरून दाजींच्या पायांना हात लावला. हसला नाही. जेवताना मात्र होळिगे मागून घेऊन खाल्ले.

दसऱ्याला देव उठले तेव्हा म्हातारीनं स्वतःहून विचारलं, की काढून बघायचा का ठिपका. अण्णा नको म्हणाले. अजून तो तिथंच आहे. न्हाणीघराला कडी मात्र अजून लागलेली नाही. सगळंच सुधारलं असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोला.

पण मेणावरचं कुंकू वर्षभर थोडंच टिकतं? म्हणून दर खंडेनवमीला विमान काचेच्या कपाटातून खाली येतं, चाकाखाली लवंगा ठेवल्या जातात, अण्णा कोहळा घेऊन उभे राहतात आणि आम्ही सगळे आरतीला हात जोडतो. आणि दर वर्षी रत्नाबाई फणेरपेटी घेऊन लगबगीनं पुढं होते आणि सगळ्यांना थांबवते, "अवो, थांबा की. स्वल्प राहिलंय."