सावकाश उठणारे आजोबा

वेल्ह्याच्या आरोग्य तपासणी शिबिरात ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. नाव विचारायचं राहिलं. तोरण्यावरचं धुकं मंडपात उतरलं होतं आणि पाहुण्यांशिवाय उद्घाटन अडलं होतं. आजोबांची टाच सारखी चिखल दाबत होती, भातखाचराच्या बांधातली पाणी सोडायची मोरी बुजवावी तशी.

"परवा उठलो, चक्कर आली आन् बांधावर पडलो," ते नर्सबाईंना म्हणाले. "ह्या बीपीच्या गोळ्या आता वढ्यात टाकतो."

"नको, आबा. दाब उतरला की किडनीतनं एन्झाईम सुटतं, त्याच्यामुळं एक हार्मोन तयार होतं. ते नसा आवळतं, मीठपाणी धरून ठेवतं, आणि जास्त झालं की दाब चढतो. तुमची गोळी त्याला आवरते. पडल्याचं डॉक्टरांना सांगा, आणि उठताना घाई नको."

"म्हंजी मोरीच की! पाणी कुनीबी सोडतं. किती धरायचं ते कळाया लागतं."

पाहुणे आले. आम्ही ताडकन उठलो, टाळ्या वाजवून बसलो; पाहुणेही बसले. मग आजोबा उठले. आधी पाय हलवून, खुर्चीच्या कडेला येऊन, जरा थांबून. धुक्यात एकटेच उभे राहिलेले आजोबा पाहून पाहुणे गडबडले आणि हात जोडून पुन्हा उभे राहिले.

आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गोळ्यांचं पाकीट बंडीच्या खिशात नीट ठेवत होते.