धुळीचा अभ्यास

गोव्यातल्या पाळी गावात आमचं घर खाणीच्या रस्त्याला लागूनच. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायला तरुणपणी आले आणि इथलेच झाले. आई सकाळी जनेलं, म्हणजे खिडक्या, पुसायची, दुपारपर्यंत ती धुळीने पुन्हा तांबडी. त्याच खाणीच्या पैशावर माझं पुण्यातलं शिक्षण झालं.

मी हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास निवडला तेव्हा तो विषय नवाच होता. मावशीने विचारलं की आई सांगायची, "हवेचं काहीतरी शिकते." प्रबंधासाठी मी स्वतःचाच गाव घेतला. न्हाणीघराच्या स्लॅबवर हवा ओढणारं यंत्र बसवलं. त्यातला गाळणकागद बदलायला मी वर चढले की टिपरवाले मान वळवून बघायचे.

एकदा बाबांचे सोबती, ज्यांच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले, ते काका अंगणात आले. बसले नाहीत.

"बाय, ह्या यंत्र काढ. खाण बंद पडली तर आम्ही खंय जावचा?"

"काका, मी फक्त मोजतेय."

"मगे मोजतंस कित्याक?"

आतून बाबा माझी बाजू घेत म्हणाले, "ऱ्हवांदे ता. चेडवाचा शिक्षाण आसा."

काका चहा न घेता गेले.

पुढे कोर्टाच्या आदेशाने खाणी खरंच बंद झाल्या. माझा प्रबंध तेव्हा अर्धवटच होता, त्या बंदीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी मी दुकानात शिरले की बोलणी थांबायची. काका गाव सोडून गेले, ते आमच्याकडे न येताच.

मग अभ्यासकांची रीघ लागली. कोणी विहिरींच्या पाण्याचा, कोणी उपग्रहावरून खाणींचे खड्डे मोजणारा. एक मुलगी बेकारीने घरं कशी बदलतात ते अभ्यासत होती. तिने आईला विचारलं, "घरातले निर्णय आता कोण घेतं?"

"घ्यायला काय उरलंय?" आई म्हणाली. मुलीने ते लिहून घेतलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तरी मला तिचा राग आला.

माझे गाळणकागद आता पांढरे निघत होते. एकाच जागेची आधीची आणि नंतरची हवा मिळाली म्हणून मार्गदर्शक खूश होते. बाबांचा खोकला मात्र वाढतच होता. एका दुपारी त्यांनी तो पांढरा कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"ह्या यंत्र माझ्या छातयेतला सांगता काय गो?"

"नाही बाबा. हे बाहेरच्या हवेचं. छातीचं शास्त्र वेगळं."

"ता कोणाक येता?"

मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. फुप्फुसांवर वण आहेत, ते भरून येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. खनिजाच्या धुळीने की बाबांच्या विडीने, हे मात्र त्यांना सांगता येईना. कामातून होणाऱ्या आजारांचा तज्ज्ञ लागतो, तो आमच्याकडे नाही, असं ते ओशाळून म्हणाले.

नंतर ते आईच्या माहेरी, इब्रामपूरला राहिले. काजूच्या बागेत सावकाश फिरायचे. माझा लेख छापून आला तो मी त्यांना मराठीत समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हेच्यात आमचा घर खंय आसा?"

"नकाशावर एक ठिपका आहे, बाबा."

त्यांनी तो ठिपका दाखवायला सांगितला. मी बोट ठेवलं. पुढच्या गणेशचतुर्थीला ते नव्हते.