चिंचेखाली धरलेलं डोकं

आज साताऱ्याच्या बाजारात नव्या चिंचेचा आंबट वास आला आणि मी मनानं थेट पलूसला, सासरच्या चिंचेखाली जाऊन पोचले.

लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. चिंचा झोडताना सासरे फांदीवरून पडले. दीर आणि शेजारी त्यांना उचलायला धावले. मी कॉलेजात प्रथमोपचार शिकले होते.

"आवं, हलवू नका त्यांना." थोरल्यांसमोर माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

मी मातीत गुडघे टेकले. श्वास नीट चालू होता, रक्त कुठं दिसत नव्हतं.

"मामा, कुठं दुखतंय?"

"मान लय दुखतीया. हाताला मुंग्या आल्यात."

"मान तशीच ठेवा. पायाची बोटं हलवा बघू."

बोटं हलली. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. आगाऊ सून म्हणून आता कायमचं नाव पडणार, असं तेव्हा वाटत होतं.

मानेचा मणका मोडला होता. तसंच उचललं असतं तर पाय गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं मामा मानेला पट्टा लावून दवाखान्यातून आले, स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरले आणि जमलेल्या भावकीला म्हणाले, "हिनं मला उभा केलाय. आता या घरात हिचं ऐकायचं."